साडेतीन वाजता लाईट नव्हती

साहेबांच्या खोलीत एक स्टूल होतं. प्लॅस्टिकचं, लाल, अंगणवाडीत असतं तेवढं. परभणीच्या कोर्टात लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस चालवणारे सरकारी वकील म्हणून त्यांना टेबल, दोन खुर्च्या आणि लोखंडी कपाट मिळालं होतं. स्टूल त्यांनी स्वतः आणलेलं. कुणी आलं की खुर्चीवरच्या फायली ते हलवायचे नाहीत, स्टुलाकडं बोट करायचे. "बसा."

एकदा एक फौजदार त्यावर बसला. सहा फुटी गडी, गुडघे छातीला लागले.

"साहेब, काय मजाक लावलाय?"

"मजाक नाही. वर बघा. मी केवढा दिसतो?"

"मोठे दिसायलाव की."

"आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही ठाण्यात एवढेच दिसला असाल. तुम्ही उभे, ती बाकड्यावर. आणि जबाबात लिहिलंय काय, तर 'पीडिता उत्तरे देण्यास टाळाटाळ करते'. आता तुम्ही बसूनच मला सांगा, काल रात्री बायकोशी काय बोलला ते. टाळाटाळ न करता."

फौजदार लाजला. पण पुढच्या वेळी त्याच्या ठाण्यातून आलेल्या जबाबात ते वाक्य नव्हतं.

मीही पहिल्या दिवशी त्याच स्टुलावर बसले. अशा केसमध्ये मुलाबरोबर राहायला एक माणूस नेमतात. घरी जायचं, कोर्टात काय होणार ते समजावायचं, साक्षीच्या वेळी शेजारी बसायचं. कागदावर आमचं नाव सहाय्यक व्यक्ती. मी येलदरीची. बाप धरणात जाळं टाकतो, आई मासे विकते. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि नुसती गेले नाही, बी.ए. करून वर समाजकार्याची पदवी घेतली. पदवीचा फोटो आमच्या घरात देवाच्या शेजारी आहे. तो तिथं मीच लावलाय आणि मला त्याची काही लाज नाही. हे सगळं मी साहेबांना त्या दिवशी स्टुलावरून सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान. आता शिकलेलं जरा बाजूला ठेवा आणि एक वही करा. पोरं जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. 'न्हाई' म्हणाली तर 'न्हाई'. शुद्ध करायचं नाही, पूर्ण करायचं नाही. पोरीचे शब्द पोरीचेच राहिले पाहिजेत."

कोटाच्या उजव्या खिशात त्यांच्याकडं कायम फुटाणे असत. खोलीत, जिन्यात, बार रूममध्ये, सारखं तोंड चालू. पण साक्षीआधी समोरच्या मुलाला त्यांनी कधी एक फुटाणा दिला नाही. मूल टक लावून बघायचं, आणि हा माणूस त्याच्यासमोर एकटा खायचा. मला ते फार निर्दय वाटलं. मी बोलले तर म्हणाले, "आज मी दिले की उद्या उलटतपासणीत प्रश्न येणार, वकील काकानं काय काय दिलं बाळा? चार फुटाण्यांसाठी केस घालवू का?" साक्ष संपली की मात्र खिसा उलटा करून सगळेच्या सगळे मुलाच्या ओंजळीत टाकायचे. कधी त्यात बसचं तिकीट, स्कूटरची किल्लीही जायची, मग ती परत मागायला मागं पळायचे.

बोलताना 'पीडिता' म्हणायचं नाही, हा एक हट्ट. "कागदावर कायदा म्हणतो ते लिहा. तोंडानं साक्षीदार म्हणा. आपली साक्षीदार आली का? आपली साक्षीदार जेवली का?" नाव तर बिलकुल घ्यायचं नाही. फायलीत चुकून कुठं मुलाचं नाव राहिलं असेल तर काळं मार्कर घेऊन स्वतः खोडत बसायचे. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला कायम काळे डाग. बार रूममध्ये त्यांना 'काळा हात' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांचे वडील जुन्या काळी वकिलाचे मुन्शी होते, त्यामुळं तोंडात निजामाच्या वेळचे शब्द असत. गवाह, सबूत, उलटतपासणीला जिरह. नवीन वकिलांना म्हणायचे, "गवाह मोजायचे नसतात बाबा, तोलायचे असतात. एक पोरगी खरी वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होते. दुसरा कुणी बघणारा लागत नाही. ही कामं कुणी बघणाऱ्यापुढं करतं का?"

आणि तोलायचं कसं, हे शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. आरोपीच्या बाजूचा एक तरुण वकील एकदा चहाला आला आणि म्हणाला, "साहेब, तुमची साक्षीदार जबाबात म्हणते दार लोटलं, कोर्टात म्हणते दार उघडं होतं. खोटं पकडलं की नाही?"

साहेबांनी त्याला स्टुलावर बसवलं. "काल दुपारी काय जेवलात?"

"भाकरी, पिठलं."

"मिरची तळलेली की भाजलेली?"

"तळलेली."

"ताट कुणी वाढलं?"

"बायकोनं. नाही, काल ती माहेरी होती. आईनं."

"झालं. तुम्ही काल जेवलाच नाहीत. आत्ताच जबाब बदलला."

तो हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "जे खरं घडतं त्याच्या कडा अशाच हलतात. एकही कड न हलणारा गवाह दिसला की मला भ्या वाटतं. तो पाठ करून आलेला असतो."

हे वाक्य मी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. तरी पुढं मी जे केलं ते केलं.

त्याआधी सोनपेठकडची एक केस सांगते. तिथं आई फितूर झाली. आरोपी घरातलाच, तिचा दीर. पिंजऱ्यात उभी राहून बाई म्हणाली, मी फिर्याद दिलीच नाही, पोलिसांनी अंगठा घेतला. मुलगी सात वर्षांची. तिनं आईकडं बघितलं आणि त्यानंतर जज साहेबांनी काहीही विचारलं तरी ती फक्त मान हलवत राहिली. कशाला हो, कशाला नाही, तेही कळेना. आरोपी सुटला. मी बाहेर येऊन त्या बाईला तोंडाला येईल ते बोलले. साहेबांनी मला हाताला धरून खोलीत आणलं.

"तिला त्या घरात नांदायचंय. तुम्हाला नांदायचं नाही, मलाही नाही. गप बसा."

"मग पोरीचं काय?"

त्या दिवशी ते स्वतः स्टुलावर बसले आणि कोर्ट उठेपर्यंत उठले नाहीत.

आता गिरणीवाल्याची केस. ताडकळसकडचं गाव, नाव सांगत नाही. आठ वर्षांची मुलगी, तिसरीत. उन्हाळ्यात शाळा सकाळची. दुपारून आईनं तिला ज्वारीचा डबा देऊन गिरणीवर पाठवलं. गिरणीवाल्यानं तिला मागच्या खोलीत नेलं. याच्यापुढचं मी लिहिणार नाही, ते तिनं एकदा जिथं सांगायचं तिथं सांगितलंय.

आईनं दुसऱ्याच दिवशी ठाणं गाठलं. तिची सासू, म्हणजे मुलीची आजी, तेव्हापासून सुनेशी बोलत नव्हती. आई मला म्हणाली, "सासू म्हन्ती पोरगी लबाड हाय. डबा सांडला म्हून गोष्ट रचली."

मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा मुलीनं मला थोडंच सांगितलं. ते मी साहेबांच्या हुकमाप्रमाणं जसंच्या तसं वहीत उतरवलं: 'लाईट आली. गिरणीचा आवाज आला. मंग मायनं डबा देला.'

पोलिसांच्या कागदात मात्र वेळ होती दुपारी साडेतीन. ती कुठून आली? जमादारानं आईला विचारलं किती वाजले होते. आई म्हणाली, मला काय ठाव, दुपार व्हती. कागदावर वेळेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून जमादारानं साडेतीन टाकले. दुपारच्या मधोमध. आमच्याकडं हे असंच चालतं. घड्याळ नसलेल्या माणसाला कागदवाला आपल्या मनानं वेळ देऊन टाकतो, आणि आपण ती घेतो, कारण लिहिलेलं आहे.

मीही घेतली. साक्षीच्या दिवशी सकाळी परभणीच्या बसस्टँडवर माय-लेकी उतरल्या. कोर्टाला तास होता. बाकड्यावर बसून मी मुलीला म्हणाले, "साहेबांनी विचारलं ना कधी गेली होतीस, तर म्हणायचं, साडेतीन वाजता. काय म्हणशील?"

"लाईट आल्यावर."

"तसं नाही गं. कोर्टात वेळ सांगावी लागते. साडेतीन वाजता. म्हण."

"साडेतीन वाजता."

तीन वेळा म्हणवून घेतलं. मी आयुष्यभर परीक्षा देत इथवर आले. उत्तरात दिनांक, वेळ, स्थळ नीट असलं की मार्क मिळतात, हे माझ्या हाडात बसलेलं. 'लाईट आल्यावर' हे मला अडाण्याचं उत्तर वाटलं. तिचं वाक्य मला सुधारावंसं वाटलं, बस. त्यात वाईट काही नव्हतं. आणि त्यानं जवळजवळ सगळं बुडवलं.

आईची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. तेव्हाच गिरणीवाल्याच्या वकिलानं तिला सुचवून ठेवलं होतं, की साडेतीन वाजता माझा अशील ताडकळसच्या बाजारात होता, लोकांनी बघितलंय, चारला तिथून निघाला. आई म्हणाली, मला ठाव न्हाई. मी त्या तारखेला हजर नव्हते.

मुलीची साक्ष बंद दाराआड. मधे पडदा, म्हणजे तिला तो दिसू नये. मी शेजारी. जज साहेबांनी आधी गावाचं, शाळेचं विचारलं. मग म्हणाले, खोटं बोललं की काय होतं? ती म्हणाली, "माय मारती." एवढ्यावर त्यांनी लिहून घेतलं की साक्षीदाराला खरंखोटं कळतं. मग तिनं सांगितलं. थांबत, अडखळत, पण सगळं. स्टेनोचं टायपिंग दोनदा थांबलं. कधी गेलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "साडेतीन वाजता," आणि माझ्याकडं बघितलं. बरोबर आलं ना, असं.

आरोपीच्या वकिलाचे प्रश्न जज साहेबांमार्फत विचारतात. त्यानं एक चिठ्ठी पुढं सरकवली. जज साहेबांनी वाचली आणि भिंतीकडं हात केला.

"बाळ, त्या घड्याळात आता किती वाजलेत?"

ती घड्याळाकडं बघत राहिली. बराच वेळ.

"येत न्हाई."

"मग साडेतीन वाजले होते, हे तुला कसं कळलं?"

"ताईनं सांगितलं."

वकिलानं पुढं काहीच विचारलं नाही. त्याला आणखी कशाची गरजच नव्हती.

खोलीत आल्यावर साहेबांनी दार लावलं. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "वही."

मी दिली. ते उभ्यानंच वाचू लागले. 'लाईट आली' वर त्यांचं बोट थांबलं.

"त्या दिवशी साडेतीनला गावात लाईट होती?"

"माहीत नाही."

"कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, आम्हीही नाही. ते तसेच कोट न काढता स्कूटर घेऊन वीज उपकेंद्राकडं गेले. तिथं गावागावाची लाईट कधी दिली, कधी काढली, याचं रजिस्टर असतं. दोन तासांनी परत आले. त्या दिवशी त्या गावाची लाईट दुपारभर बंद होती. आली ती चार वाजून चाळीस मिनिटांनी.

म्हणजे साडेतीनला गिरणी चालूच शकत नव्हती. पोरीचं वाक्य खरं होतं आणि माझं खोटं. आणि त्याच खोट्या वेळेवर गिरणीवाला बाजारात जाऊन बसला होता. चारला निघालेला माणूस गाडीवरून अर्ध्या तासात गावात येतो. चार चाळीसला लाईट आली तेव्हा तो गिरणीतच होता.

साहेबांचा कारकून म्हणाला, "मग सोपं हाय की. रजिस्टर लावा, ताईची वही राहू द्या. वहीत काय हाय कुणाला ठाव?"

"आणि पोरीनं पहिल्यांदा लाईटचं सांगितलं, हे कुणाच्या तोंडून सिद्ध करू? रजिस्टरच्या?" साहेब माझ्याकडं वळले. "तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल."

मी म्हणाले, "ते मला फाडून खातील."

"खातीलच. ऐका. जिरह चालू झाली की माणूस स्वतःला वाचवायला लागतो. तुम्ही वाचायचं नाही. तुम्ही वाचलात तर पोरगी बुडाली."

त्यांनी अर्ज दिला, मंजूर झाला. उपकेंद्राचा माणूस रजिस्टर घेऊन आला, त्याचं दहा मिनिटांत आटोपलं. मग मी. वही दाखल झाली. साहेबांनी मला फक्त तीन प्रश्न विचारले आणि खाली बसले.

समोरचा वकील सावकाश उठला.

"ताई, तुम्ही पदवीधर?"

"हो."

"साक्षीदाराला शिकवायचं नसतं, हे तुम्हाला पदवीत शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं."

"तरी शिकवलं?"

"हो."

"किती वेळा म्हणवून घेतलं?"

"तीन वेळा."

"चुकून एकदा बोलून गेल्या असाल, असं नाही?"

ती पळवाट त्यानं मुद्दाम उघडी ठेवली होती. मी साहेबांकडं बघितलं. ते खाली बघून बाहीवरचा डाग खरवडत होते.

"नाही. मुद्दाम. तिचं उत्तर मला अडाणी वाटलं."

"आणि बाकीचं? बाकीचंही तुमचंच असेल?"

"बाकी काही नाही सांगितलं."

"हे कोर्टानं कशावरून मानायचं? तुमच्या शब्दावरून?"

मी गप्प राहिले आणि ते गप्प राहणंही टाईप झालं.

निकालाला आणखी बरेच महिने गेले. तोवर आम्हाला नेमणाऱ्या समितीनं मला सहाय्यक व्यक्तींच्या यादीतून काढलं होतं. मी बापाला सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी मी मागं उभी होते. जज साहेबांनी लिहिलं होतं की सहाय्यक व्यक्तीचं वर्तन आक्षेपार्ह आहे. पण शिकवलेला भाग कोणता हे स्पष्ट आहे, तो बाजूला काढता येतो. जी मुलगी वेळ कुणी सांगितली हे विचारताच खरं सांगून टाकते, तिनं बाकीचं रचलं असं मानता येत नाही. तिचे पहिले शब्द रजिस्टरशी जुळतात. ते शब्द वहीत आहेत आणि वही लिहिणारीनं स्वतःवर दोष घेऊन ती कोर्टापुढं ठेवली आहे. पीडितेची साक्ष विश्वासार्ह आहे. आरोपी दोषी.

साहेबांनी मला शाबासकी दिली नाही. "पुढच्या वेळी पोरांना बसस्टँडवर भजी खाऊ घाला, उत्तरं नका," एवढंच म्हणाले.

निकालाची नक्कल न्यायला आई मुलीला घेऊन आली. मुलगी आता पाचवीत. आईनं कागद उलटसुलट केले. "हिचं नाव कुठं हाय ह्यात?"

"नाव नसतं," साहेब म्हणाले. "कायद्यानं लिहीत नाहीत. तिच्याच भल्यासाठी."

"मंग घरी काय दावू? कुनाच्या पोरीचं हाय ह्ये?"

मी मुलीला 'पीडितेची साक्ष विश्वासार्ह आहे' ही ओळ दाखवली. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचली. विश्वासार्ह वर अडकली.

"म्हंजी काय?"

मी सांगणार होते. साहेबांनी हातानं थांबवलं आणि तिच्यासमोर वाकले. "म्हणजे तू सांगितलंस ते खरं आहे."

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "आजीला सांगा की."

सरकारी वकील साक्षीदाराच्या घरी जात नाही. साहेब उभ्या नोकरीत कधी गेले नव्हते. त्या आठवड्यात गेले. काळा कोट नाही, साधा शर्ट. गावात शिरताना पारावरच्या माणसाला सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारला, म्हणजे आम्ही कशाला आलोय ते कुणाला कळू नये. मी स्कूटरवर मागं.

आजी ओसरीवर डाळ निवडत होती. सून आत गेली चहा टाकायला. साहेब खाली, जमिनीवर बसले.

"आजी, मी कोर्टातला. निकाल लागला."

"कळलं."

"पोरगी खरं बोलत होती. कोर्टानं मान्य केलं. हेच सांगायला आलोय. लबाड नाही ती."

आजीनं सूप झटकलं. एक खडा काढून बाहेर टाकला.

"मला काय सांगायलाव साहेब. मला पहिल्याच दिशी ठाव व्हतं. डबा घेऊन आली तवाच. तिचं तोंड बघितलं की मी."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मग दोन वर्षं तुम्ही..."

"गिरनी एकच हाय गावात," आजी म्हणाली. "व्हती. आता कुलूप हाय. दळन घेऊन ताडकळसला जावं लागतंय. समदा गाव आमालाच शिव्या द्यायलाय."

चहा आला. साहेबांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मी दाराकडं बघितलं. पोरगी चौकटीला टेकून उभी होती. ती बराच वेळ तिथं असावी.